शाळेतला बघण्याचा कार्यक्रम

आमच्या घरात माणसांपेक्षा भांड्यांना जास्त जागा होती, आणि त्यात काही गैर आहे असं आप्पांना शेवटपर्यंत वाटलं नाही. पुढं दुकान, मागं दोन खोल्या. त्यातल्या एका खोलीत पातेल्यांच्या उतरंडी, परातींच्या थप्प्या, लग्नसराईसाठी आणून ठेवलेले हंडे, आणि या सगळ्यांची गैरसोय होणार नाही अशा बेतानं आम्ही चौघं: आप्पा, आई म्हणजे आमची अव्वा, मी आणि धाकटा भाऊ शिवा. उदगीरकडून नांदेडला येताना आप्पांनी म्हणे एक ट्रंक आणि भांड्यांवर नावं टाकायचं मशीन एवढंच आणलं होतं. ते मशीन दिवसभर चालायचं. स्टीलवर त्याची सुई फिरायला लागली की दाताच्या मुळापर्यंत शिरशिरी जायची. गिऱ्हाईक समोर उभं राहून सांगायचं, "चि. सौ. कां. सुनीता हिस मामाकडून भेट," आणि आप्पा जीभ दाताखाली धरून ते कोरायचे. सगळ्या मोहल्ल्यातल्या मुलींची लग्नं माझ्या कानात अशी कर्रकर्र करत लागली. मी त्याच आवाजात अर्थशास्त्र पाठ करत होते. तक्रार केली की आप्पा म्हणायचे, "आवाजानं काय होतंय? आमी भर बाजारात बसून शिकलो." आप्पा चौथी पास होते.

मशीन थांबलं की अव्वाचा कारखाना सुरू व्हायचा. भाकरीची थापथाप, उखळात शेंगाची चटणी कुटल्याचा दणका, आणि या सगळ्यावर तिचं पलीकडच्या गल्लीतल्या बाईशी खिडकीतून चाललेलं संभाषण. संध्याकाळी चुरमुरे भिजवून, त्यांना हिरवी मिरची, शेंगदाणे, हळद लावून ती सुशीला करायची आणि ताटलीभर सुशीला समोर ठेवून म्हणायची, "खा गं, अभ्यासानं वाळून चाललीस." मी काही वाळत नव्हते. माझ्या भाचीची आजची गोष्ट सांगते. ती लातूरला डॉक्टर व्हायच्या क्लाससाठी खोली करून राहते. एक पलंग, एक टेबल, डबा दारात येतो, आणि खोलीत अशी शांतता की स्वतःचा श्वास ऐकू यावा. तरी तिचं लक्ष लागत नाही, म्हणून ती मोबाईलवर पावसाचा आवाज लावून बसते. मी तिला म्हटलं, आप्पांचं मशीन अजून माळ्यावर आहे, पाठवून देते. तिला विनोद कळला नाही. चुकीचं उत्तर दिलं की गुण कापतात अशा परीक्षेला बसणारी मुलं उगाच हसत नाहीत.

या गोंगाटातून सुटायला मला एकच जागा होती, ती म्हणजे मागच्या गल्लीतली पालिकेची शाळा. दिवसा ती शाळा होती असं म्हणायचा प्रघात होता. संध्याकाळी मुलं घरी गेली की तिथं समाज केंद्र भरायचं. कुठल्यातरी मोठ्या शहरातली एक संस्था त्याचा खर्च द्यायची, आणि दारावर तिनंच पाठवलेला बोर्ड होता: युवक विकास, महिला सक्षमीकरण, कुटुंब आधार. एवढे वजनदार शब्द लिहिल्यामुळं की काय, तो बोर्ड एका बाजूला कलला होता. आत शिवणाची यंत्रं होती, त्यातली निम्मी शिवायची आणि निम्मी बघायची. पोरांसाठी कॅरम होता, त्याची राणी हरवली होती म्हणून ब्लाऊजचं लाल बटण राणी म्हणून चालायचं. गुरुवारी कुटुंब सल्ला असायचा. म्हणजे दारू पिऊन बायकोला मारणाऱ्या नवऱ्यांना बोलावून पहिलीच्या वर्गात बसवायचं आणि समजावून सांगायचं. पहिलीचे बाक एवढेएवढे. त्यावर बसलेल्या माणसाचे गुडघे हनुवटीला लागायचे, आणि गुडघे हनुवटीला लागलेला माणूस, तो कितीही दांडगा असो, वाद घालू शकत नाही. केंद्राच्या कुटुंब सल्ल्याला जे काही यश आलं ते त्या बाकांमुळं आलं, असं माझं प्रामाणिक मत आहे.

केंद्र चालवायच्या मंदाताई. भोकरच्या. अंगानं भरलेल्या, खांद्याला कायम एक फुगलेली पिशवी, आणि तोंडात कुठल्याही गोष्टीसाठी एकच शेरा, "लई भारी." नळाला पाणी आलं तरी लई भारी आणि नाही आलं तरी, "बरं झालं, आज भांडणं तर न्हाईत, लई भारी." नाही म्हणणं त्यांच्या स्वभावातच नव्हतं. एकाच वेळी एकच खोली त्या बारशाला, भजनाला आणि कॅरमच्या स्पर्धेला देऊन टाकायच्या, आणि मग तिन्ही मंडळी समोरासमोर आली की म्हणायच्या, "आरं मग मिळून करा की." गंमत म्हणजे मंडळी मिळून करायची. आमच्या भागात सगळ्यांचीच घरं आमच्यासारखी, त्यामुळं ज्याला म्हणून चार माणसं बसवायची असतील तो शाळेत यायचा. हळदीकुंकू तिथं, भावाभावांची वाटणी तिथं, सासरहून रुसून आलेल्या मुलीची समजूतही तिथंच. तिथल्या एका खोलीत मुलींसाठी अभ्यासिका होती. ट्यूबलाइट होती, वीज असली की ती लागायचीसुद्धा. आप्पांनी मला तिथं जाऊ दिलं, कारण ते फुकट होतं. त्या खोलीत मी पहिल्यांदा एक धडा सुरुवातीपासून शेवटपर्यंत सलग वाचला, आणि मला कळलं की मला शिकायला आवडतं. तोवर मला वाटायचं, मला फक्त घरातून बाहेर पडायला आवडतं.

मी बारावीला होते तेव्हा बसवण्णा मामा स्थळ घेऊन आले. हे अव्वाचे चुलतभाऊ, लातूरला राहायचे, आणि लोकांच्या सोयरिकी जुळवणं हा त्यांचा छंद होता. मुलाचं घर लातूरचं, आडत दुकान, गंजगोलाईच्या बाजारपेठेजवळ मोठा वाडा वगैरे. "अठरा पुरी व्हायच्या आत बघून ठिवायचं, पुरी झाली की उरकायचं," असा मामांचा हिशेब. मला बारावीनंतर डीएड करायचं होतं. मास्तरीण व्हायचं होतं. हे मी आप्पांना सांगितल्यावर ते अजिबात चिडले नाहीत. उलट फार प्रेमानं म्हणाले, "शिक की. लग्नानंतर शिक. कोण न्हाई म्हणतंय?" लग्नानंतर शिकायची ही सवलत आमच्याकडे झाडून सगळ्या मुलींना होती. ती वापरलेली एकही मुलगी मला भेटली नाही. माझ्या पुढच्या सगळ्या आयुष्याचा प्रश्न होता आणि घरात चर्चा चालली होती ती पाहुण्यांना बसवायचं कुठं याची, कारण हंड्यांच्या मधे व्याही बसवले तर ते हंड्यांचा भाव विचारतील, अशी अव्वाला भीती होती.

अर्थात शाळा. मंदाताईंनी मागता क्षणी पहिलीचा वर्ग देऊन टाकला. रविवार होता, शाळेला सुट्टी. मी त्यांना बाजूला घेऊन म्हटलं, "ताई, मला हे लग्न करायचं न्हाई, तुम्ही कसल्या जागा देऊन राहिल्या?" त्यांना वाईट वाटलं. माझा हात धरून त्या म्हणाल्या, "पोरी, बघू दे गं त्यांना. बघितल्यानं काय झिजतीस का तू? मी हाय की." मंदाताईंचं 'मी हाय की' सगळ्या मोहल्ल्यानं ऐकलेलं होतं, त्यामुळं मला काही धीर आला नाही.

त्या रविवारी सकाळी मंदाताईंना निरोप आला की संस्थेचे साहेब लोक सोमवारी यायचे ते आजच येत आहेत. रविवारी तपासणी म्हणजे काय, ते आम्हाला माहीत होतं. सकाळी गुरुद्वाऱ्याचं दर्शन, दुसऱ्या दिवशी माहूरचं दर्शन, आणि मधल्या मोकळ्या वेळात आमचं दर्शन. दुसरी कुणी बाई असती तर तिनं कपाळाला हात लावला असता. मंदाताई म्हणाल्या, "लई भारी! दोन खोल्या हायत. पावनं पहिलीच्या वर्गात, साहेब अभ्यासिकेत. येळ बी वाचंल." आणि त्यांनी दोन्हीकडची तयारी एका हातानं करून टाकली. पाहुण्यांसाठी काजू घातलेले पोहे, साहेबांसाठी सुशीला, कारण साहेबांना म्हणे साधं, लोकांचं खाणं आवडतं.

आता आमच्या भागातली एक रीत सांगायला हवी, नाहीतर पुढचं कुणाला खरं वाटणार नाही. आमच्याकडे साहेब आणि व्याही यांचा मानपान अगदी सारखा असतो. दोघंही जीपमधून येतात. दोघांनाही टोपी, उपरणं, नारळ. दोघंही ठरल्यापेक्षा उशिरा येतात आणि त्याबद्दल यजमानच माफी मागतो. दोघंही प्रश्न विचारतात आणि उत्तर द्यायचा अधिकार आपल्याला असतो, प्रश्न विचारायचा नाही. आणि आपलं काय ठरलं हे दोघंही जाईपर्यंत सांगत नाहीत. त्यातून आप्पांनी लातूरच्या माणसांना कधी पाहिलेलं नव्हतं. ओळख असलेले एकटे बसवण्णा मामा, ते त्या दिवशी लातूरहून एसटीनं निघाले होते आणि एसटी वाटेत कुठंतरी बंद पडून बसली होती.

पहिली जीप आली तेव्हा मंदाताई फाटकात होत्या. एक पोक्त बाई आणि दोन गृहस्थ उतरले. मंदाताईंनी नारळ दिला, टोप्या घातल्या, आणि त्यांना थेट अभ्यासिकेत नेलं. मग सुशीला आणायला त्या आत पळाल्या, तेवढ्यात दुसरी जीप आली. तिच्यातूनही एक पोक्त बाई आणि दोन गृहस्थ उतरले. व्हरांड्यात विभूती लावून, इस्त्रीचा सदरा घालून आप्पा उभेच होते. "या, या! लई वाट बघून राहिलो!" असं म्हणत त्यांनी मंडळींना पहिलीच्या वर्गात नेऊन सतरंजीवर बसवलं. एवढ्या अगत्यानं आपलं स्वागत कुठल्याच केंद्रात झालं नाही, असं ती मंडळी एकमेकांत बोलली म्हणे.

पहिलीच्या वर्गात काय झालं हे मला अव्वानं नंतर सांगितलं. सांगताना ती पदर तोंडात कोंबून हसायची, आणि आप्पा घरात असले की हसायची नाही. त्या बाईंनी पोहे खात खात विचारलं, घरात माणसं किती, उत्पन्नाचं साधन काय. आप्पांनी सांगितलं. हे प्रश्न अपेक्षितच होते. मग विचारलं, घरात संडास आहे का. माणसं चौकस दिसतात, अव्वाच्या मनात आलं. मग विचारलं, घरातले निर्णय कोण घेतं. आप्पा 'मी' म्हणणार होते. पण समोरच्या बाईंच्या अंगावर हातमागाची साडी, डोळ्याला चष्मा, हे घर सुधारलेलं दिसतंय असा त्यांनी अंदाज बांधला आणि म्हणाले, "दोघं मिळून." अव्वानं चमकून बघितलं. लग्न झाल्यापासून ही बातमी तिला पहिल्यांदाच कळत होती.

"आणि मुलीच्या शिक्षणाबद्दल आपलं काय मत आहे?"

"शिकवू की! तुमी म्हणाल तेवढं शिकवू."

"मुलीचं स्वतःचं मत विचारता का?"

"तिला इचारल्याबिगर मी घोटभर पाणी पीत न्हाई," असं म्हणून आप्पांनी अव्वाला आणखी पोहे वाढायला लावले. दोन्ही गृहस्थ भराभर लिहून घेत होते. व्याही लिहून घेताहेत म्हणजे देण्याघेण्याची यादी होत असणार असं समजून आप्पांना घाम फुटला होता, एवढंच.

मी तोवर शिवणाच्या खोलीत, अव्वाच्या जरीच्या साडीत, यंत्रांच्या रांगेत त्यांच्यासारखीच उभी होते. मंदाताई धावत आल्या. "चल गं, साहेब आलेत अभ्यासिकेत. तू माझी हुशार पोरगी, दोन शब्द बोल त्यांच्यासंगं. मग जा तुझ्या कार्यक्रमाला." मी गेले. खुर्चीवर एक साठीकडे झुकलेल्या बाई बसल्या होत्या, हातात सुशीलाची ताटली. कपाळावर विभूतीची पुसट रेघ होती, पण ती आमच्याकडे साहेबांच्या कपाळावरही असते. बाजूचे दोघं टोप्या सावरत खोलीभर लावलेले तक्ते बघत होते. मंदाताई म्हणाल्या, "ही गिरिजा. आमच्या केंद्राची शान." आणि चहा बघायला निघून गेल्या.

बाईंनी मला पायापासून वरपर्यंत बघितलं. "काय करतीस इथं?"

"अभ्यास करते."

"घरी जागा न्हाई व्हय?"

"आहे की. भांड्यांना आहे."

त्यांना हसू आलं ते त्यांनी सुशीलाच्या घासाबरोबर गिळलं. "पुढं काय करावं वाटतं?" एवढंच विचारलं त्यांनी. आता कळतं, की तो प्रश्न मला तोवर कुणीच विचारलेला नव्हता. आप्पांनी नाही, अव्वानं नाही. मंदाताई तर उत्तर ऐकायच्या आधीच लई भारी म्हणून मोकळ्या. माझा बांध फुटला. डीएड करायचंय, शाळेत शिकवायचंय, असं सुरू करून मी कुठल्या कुठं गेले. म्हटलं, "तुम्ही एवढ्या मोठ्या साहेब, तुम्ही माझ्या आप्पांना सांगा. आज मला बघायला येऊन राहिलेत, ह्याच शाळेत, लातूरचे लोक. मला चालायला लावतील, केस सोडून दाखव म्हणतील. मुलाला तर आणणारच नाहीत, पहिल्यांदा घरची मोठी माणसं बघतात म्हणे. तो आंधळा आहे का मुका आहे, देव जाणे. आणि मुलगी अंगानं कशी आहे, असा निरोप पाठवून विचारलं त्यांनी. अंगानं! म्हशीचा बाजार आहे का हा?"

दोघांतल्या एका गृहस्थांना जोराचा ठसका लागला. बाईंनी त्यांच्याकडे न बघता विचारलं, "असं कुणी इचारलं म्हणं?"

"मुलाच्या काकांनी."

"अस्सं," बाई म्हणाल्या, आणि आता त्यांनी त्या ठसकणाऱ्या गृहस्थांकडे बघितलं. ते तक्त्यावरची फळांची नावं फार बारकाईनं वाचायला लागले. बाई मला म्हणाल्या, "आणि बारावी झाल्यावर तुला दोन-अडीच वर्सं मिळाली, तर मास्तरीण होशील?"

"होईन. नक्की होईन. पण मला कोण देतंय दोन-अडीच वर्षं?" हे म्हणताना माझा आवाज फुटला. मला रडायचं नव्हतं, साहेबांसमोर तर मुळीच नाही, पण मी जरीच्या पदरानं नाक पुसलं हे खरं आहे.

त्याच वेळी दारातून बसवण्णा मामा आत आले, धुळीनं माखलेले, आणि हात जोडून ओरडले, "आवो नागरबाई वयनी! तुमी इकडं कुठं बसलाव? आन् आप्पा कुठं हाईत? गिरिजा, तू येकटीच कामून आलीस आत?"

पुढचा क्षण मी अजूनही सविस्तर आठवायचं टाळते. धरणीनं पोटात घ्यावं म्हणतात, पण शाळेची फरशी पक्की होती. मामांच्या आरडाओरड्यानं आप्पा आले, अव्वा आली, मागोमाग हातात पोह्याच्या ताटल्या घेऊन संस्थेचे खरे साहेबही आले, आणि कोण कुणाला बघायला आलं होतं याचा उलगडा भर अभ्यासिकेत झाला. आप्पांच्या चेहऱ्यावरचं रक्त उतरलं. माझ्याइतकं नाही, कारण त्यांना फक्त पोहे चुकीच्या माणसांनी खाल्ले एवढंच माहीत होतं. मी काय बोलून बसले ते मुलाच्या आईला, म्हणजे नागरबाईंना, ठसका लागलेल्या त्यांच्या दिराला, दुसऱ्या गृहस्थांना आणि मला माहीत होतं. दीर तर तोंड उघडायच्या बेतातच होते. आप्पांच्या हाताची पाची बोटं माझ्या गालावर येणार, बारावीची परीक्षा सुद्धा जाणार, हे मला स्पष्ट दिसत होतं.

नागरबाई उठल्या. त्यांनी ताटली दिराच्या हातात दिली, त्यामुळं त्यांना तोंड मिटावं लागलं. "आप्पा," त्या म्हणाल्या, "तुमची पोरगी बघितली. बोलकी हाय."

"वयनी, त्याचं काय झालं..." आप्पा.

"काय झालं ते झालं. आमी कळवतो. पण एक हाय. आमचा निरोप येईस्तवर दुसरं ठिकाण बघायचं न्हाई. तसा शब्द द्या."

ज्यांनी मुलींची लग्नं केली आहेत त्यांना ठाऊक असेल, नुसतं 'कळवतो' म्हणजे नकार. पण 'कळवतो, दुसरीकडं बघू नका' म्हणजे जवळजवळ होकारच. आप्पांना आनंदानं काय करावं सुचेना. त्यांनी सदऱ्याखाली गळ्यातल्या इष्टलिंगाला हात लावला आणि सगळ्यांदेखत शब्द दिला. आमच्यात असा शब्द दिला की विषय संपला, त्याच्यावर अपील नसतं. मला वाटलं, एवढं ऐकूनही हिला मीच सून हवी आहे, म्हणजे लातूरला गेल्यावर ही माझी चामडी सोलणार. जाताना त्या माझ्याशी एक शब्द बोलल्या नाहीत. सुशीला तेवढी कुणी केली म्हणून अव्वाला विचारलं.

संस्थेच्या साहेबांनी आपल्या अहवालात आमच्या केंद्राची फार स्तुती केली असं मंदाताई सांगायच्या. वडिलांची मुलींच्या शिक्षणाबाबतची जागरूकता उल्लेखनीय, असं काहीसं. उल्लेखनीय म्हणून पुढच्या वर्षी त्यांनी खर्च कमी केला, कारण जिथं लोक एवढे जागरूक तिथं केंद्राची गरज काय. अजून काही वर्षांनी तो बंदच केला. आता त्या शाळेच्या भिंतीवर एका क्लासचा फलक आहे, पहिल्या आलेल्या मुलांच्या फोटोंसकट. आत वातानुकूलित खोल्या आहेत म्हणे. बारसं करायला देतात की नाही, विचारलं नाही.

लातूरचा निरोप काही येईना. आप्पांनी आपणहून विचारणं शक्यच नव्हतं, कारण मुलीकडच्यांनी घाई दाखवायची नसते. मी बारावी झाले. दुकानातल्या फोनवर लातूरहून फोन आला, अधिक महिना लागलाय, नंतर बघू. देगलूरहून एक चांगलं स्थळ आलं, आप्पांनी हात जोडले, "शब्द दिलाय." मग दिराच्या सासुरवाडीला सुतक. मग वाड्याला रंग. मंदाताईंनी डीएडचा फॉर्म आणला तेव्हा आप्पा कुरकुरले, तर योगायोगानं दोनच दिवसांत लातूरहून निरोप: पोरगी शिकत असली तर शिकू द्या, आमाला घाई न्हाई. मग मुलाला कावीळ. मग तुरीचा हंगाम. निलंग्याचं स्थळ परत गेलं. आप्पा रोज संध्याकाळी दिवाबत्ती झाली की म्हणायचे, "मोठी माणसं हाईत, इचार करून करतेत." मी मुकाट्यानं डीएडच्या पाठांची टाचणं काढत बसायचे आणि प्रत्येक फोनच्या घंटीला माझा जीव खाली-वर व्हायचा. होकाराचा एक निरोप आला असता तर सगळं संपलं असतं. तो आला नाही, आणि मी डीएड झाले, पहिल्या वर्गात. हिमायतनगरकडच्या एका गावात जिल्हा परिषदेच्या शाळेवर नेमणुकीचं पत्र आलं.

त्याच आठवड्यात फोन वाजला. आप्पा कुणाच्यातरी कळशीवर नाव टाकत होते. त्यांनी मशीन बंद केलं, कपाळ पुसलं आणि फोन घेतला. "हाव... हाव वयनी... काय?" मग बराच वेळ ते नुसते ऐकत राहिले. नागरबाईंनी सांगितलं, आमचं जमत नाही, तुम्ही आता तुमच्या शब्दातून मोकळे. मुलाचं लग्न तर मागंच झालं, बसवण्णा पंगतीला जेवून गेले की. मामा जेवून आले होते आणि आपली मध्यस्थी फसली हे सांगायला त्यांची जीभ वळली नव्हती. इतका राग मी त्यांच्या चेहऱ्यावर कधी पाहिला नव्हता, आणि त्या रागात कुठंतरी, ज्या मुलीला नाकारलं तिच्यासाठी वाटलेलं दुःखही होतं, ते मला दिसलं. त्यांनी फोन माझ्याकडे केला. "तुला फोन द्या म्हणतेत."

मी फोन कानाला लावला. पलीकडून बाजाराचा आवाज येत होता.

"तुमच्या त्या मंदाताईंचा फोन आलता," नागरबाई म्हणाल्या. "नोकरी लागली म्हणं?"

"हाव."

"बरं झालं. कावीळ आन् तुरीच्या पुढं मला बी कारणं सुचंना गेली होती."

मी आप्पांकडे पाठ केली. म्हटलं, "पण तुम्ही हे... माझ्यासाठी कामून केलंत?"

त्या म्हणाल्या, "जलमात एकदाच कुणी मला साहेब म्हणलं, पोरी. खुर्ची दिली, नारळ दिला, आन् समोर हुबं राहून काम सांगितलं. साहेबानं एक तरी काम करावं का न्हाई?" आणि त्यांनी फोन ठेवला.

आप्पा माझ्याकडे बघत होते. "काय म्हणत होत्या?"

"काही नाही," मी म्हटलं, आणि डोळे पुसले. "काम झालं म्हणाल्या."